हा पाय, बाबा

माझा धंदा रॉड मोडायचा. असं सांगितलं की रिसोडच्या बाजारात लोक मला भंगारवाला समजतात. पुण्यात कंपनीतले साहेब मला कामचुकार समजतात, कारण माझ्या हातून अजून पुरेसे रॉड मोडलेले नाहीत. मांडीचं हाड मोडलं की त्याच्या पोकळीत टायटॅनियमचा रॉड घालतात. तो माणसाच्या आत जाण्याआधी संगणकावर मोडून पाहायचा, हे माझं काम. हाड आणि रॉड यांचं चित्र घ्यायचं, ज्वारीच्या कण्यांसारखे त्याचे बारीक तुकडे पाडायचे आणि एकेका तुकड्याला विचारायचं, बाबा रे, तुझ्यावर ताण किती? उत्तर रंगात मिळतं. ताण कमी तिथे निळा, मग हिरवा, पिवळा, आणि सगळ्यात जास्त तिथे लाल. एवढ्या वर्षांत मी एकाही खऱ्या पायाला हात लावलेला नव्हता. लावायची वेळ आली तेव्हा तो नेमका बाबाचा निघाला.

बाबाची सगळी नोकरी एसटीच्या स्टिअरिंगमागे गेली. पातूरच्या घाटात, पावसात, फुटक्या काचेने गाडी आणलेला माणूस. आणि पडला कुठून? उभ्या काळी-पिवळी जीपमधून उतरताना, रिसोडच्या स्टँडसमोर, ओळखीच्या चार लोकांदेखत. खुब्यापाशी हाड मोडलं. त्याला हाडापेक्षा ते 'उभ्या' जास्त लागलं होतं. भेटायला येणाऱ्याला तो सांगायचा, "गाडी जराशी हालली होती." आई आतून ओरडायची, "काई हालली नव्हती! तुमीच हालले!"

वाशीमला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी रॉड घातला आणि सुट्टी देताना मला बाजूला घेऊन सांगितलं, "वॉकर घेऊन रोज चालवायचं. पायावर वजन पडू द्यायचं. या वयात माणूस एकदा खाटेवर बसला की बसूनच राहतो. पुढच्या तपासणीला मला हे चालत आत आलेले दिसले पाहिजेत." मी मान अशी डोलावली, की जणू हे सगळं मीच त्यांना शिकवलं होतं.

पहिले काही दिवस बाबा झकास चालला. खाटेपासून दारापर्यंत, दारापासून अंगणातल्या बोअरपर्यंत, तोंडाने गिअर बदलल्याचा आवाज काढत. मी लॅपटॉप घेऊन घरूनच काम करत होतो. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की मला अस्वस्थ व्हायला लागलं. मला स्वस्थ बसता येत नाही. बसलो तर माझा पाय हलतो, पाय धरला तर तोंड हलतं. त्या दुपारी तोंड हललं.

बाबानेच विषय काढला. "काय बे, तू दिवसभर त्या डब्ब्यात तोंड खुपसून नेमकं करतं काय?"

असा प्रश्न माझ्या घरात मला कोणी कधी विचारला नव्हता. मी लॅपटॉप घेऊन खाटेवर जाऊन बसलो. पडद्यावर मांडीचं हाड फिरत होतं, आत रॉड, आणि वरच्या बाजूला, जिथून स्क्रू आरपार जातो त्या भोकाच्या काठाला, कुंकवाएवढा लाल ठिपका.

मी बोट ठेवलं. "हा पाय, बाबा. लाल दिसते ना? इथंच थकते."

"कोन थकते?"

"धातू. मानसासारखाच. एकदा वाकवला तं काई होत नाही. पन दर पावलाले जरा जरा थकते. वरून काईच दिसत नाही. अन् मंग एक दिवस..."

इथे मी थांबायला हवं होतं. पण श्रोता मिळाला की मला राहवत नाही. मी चुटकी वाजवली. तूर निवडत बसलेली आई दचकली. बाबा माझ्या बोटांकडे बराच वेळ पाहत राहिला. मला वाटलं, पोराचं कौतुक वाटतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉकरवर बाबाचा टॉवेल वाळत घातलेला होता.

"चालाचं नाई?"

"नाई."

"काहून?"

"रेस्ट."

मी म्हटलं, ठीक आहे, एक दिवस. तर त्याच्या दुसऱ्या दिवशी टॉवेलशेजारी बनियनही आली. मी ती काढून वॉकर खाटेपाशी आणून ठेवला.

बाबा म्हणाला, "मले सांग. गाडीच्या स्प्रिंगचा पाटा चिरत आला असन, तं तू गाडी रोडवर काढशीन काय?"

"चिरला कुठं, बाबा?"

"लाल झाला ना?"

मग मी खुर्ची ओढून शिकवायला बसलो. लाल म्हणजे धोका नाही, लाल म्हणजे त्या चित्रातला सगळ्यात जास्त ताण, एवढंच. संगणक बिचारा काय करतो, सगळ्यात जास्त असेल त्याला लाल रंग देऊन मोकळा होतो. ते जास्त म्हणजे खरंच जास्त की उगाच, हे त्याला कळत नाही. "वर्गात पहिला आलेला पोट्टा पन्नास टक्केवाला बी असू शकते ना? तसं."

"तुह्या वर्गासारखं," बाबा म्हणाला, आणि कुशीवर वळला.

धातू थकतो ही गोष्ट त्याला इतकी पटली होती की ती मीच आता त्याच्या डोक्यातून काढू शकत नव्हतो. दुसरा कोणी बाप असता तर 'लोखंड कुठं थकते काय' म्हणून हसला असता. हा ड्रायव्हर. याने आयुष्यभर थकलेलं लोखंडच चालवलेलं. पावलं म्हणजे किलोमीटर, आणि किलोमीटर वाचवले की गाडी टिकते, हा हिशेब त्याच्या हाडात होता, रॉडच्याही आत.

मी दुसरा उपाय काढला. आमच्या मागच्या बाजूला कोणीतरी घर बांधत होतं, स्लॅब नुकताच पडला होता. खिडकीतून दाखवत म्हटलं, "त्या सेंट्रिंगच्या बल्ल्या कायमच्या हायेत काय? स्लॅब पकडेपर्यंतच ना? तसाच हा रॉड. हाड जुळेपर्यंत सांभायते. जुळलं की सगळा भार हाडच घेते, रॉडले कोनी पुसत नाही. अन् हाडाले जुळाले वजन लागते, बाबा. म्हनून चालाचं."

उपमा मला इतकी आवडली की ती पुढच्या मीटिंगमध्ये वापरायचं मी मनात ठरवूनही टाकलं.

बाबाने खिडकीबाहेर पाहिलं. "सेंट्रिंग हाय तवर स्लॅबवर कोनी नाचते काय?"

मी खिडकी लावून घेतली.

"पानी माराचं अन् पडू द्याचं," बाबा म्हणाला आणि डोळे मिटले. आईने चहाचा कप आणून त्याच्या हातात दिला. "घ्या, मारलं पानी."

दिवस चालले होते आणि बाबा चालत नव्हता. आधी गंमत होती, मग भीती वाटायला लागली. मांडी उतरली. पायजम्याचा एक पाय भरलेला आणि एक नुसता लोंबता दिसायला लागला. गुडघा वाकवायला तो हाताची मदत घ्यायचा आणि आपण ती घेतच नाही असं दाखवायचा. तपासणीची तारीख जवळ येत होती. डॉक्टरांचं 'बसूनच राहतो' माझ्या कानात सारखं वाजत होतं, आणि त्यामागे माझीच चुटकी. मी अंगणात येरझारा घालायचो. बोअरपासून दारापर्यंत, दारापासून बोअरपर्यंत. आई म्हणाली, "चालून राह्यला तं दोघाच्या वाटचं चाल. डॉक्टरले तुलेच दाखवू."

मग मी रंग बदलले. म्हणजे पट्टी बदलली. जिथे टायटॅनियम खरोखरच थकायला लागतं, त्या ताणाला लाल म्हणायचं, असं संगणकाला सांगितलं. सगळा रॉड या टोकापासून त्या टोकापर्यंत निळा झाला. खरं तर हेच चित्र प्रामाणिक. आधीच हे दाखवलं असतं तर वॉकरवर टॉवेल वाळलाच नसता. शिवाय आमच्या घरात निळ्या रंगाला विरोध करणारं माणूस अजून जन्मलेलं नाही. दाराची चौकट निळी, छपरावरचा झेंडा निळा, एप्रिलमध्ये मिरवणुकीत बाबाच्या गळ्यातला दुपट्टा निळा. म्हटलं, आता बाबा कुठे जातो!

लॅपटॉप समोर धरला. बाबा उठून बसला. चेहरा खुलला. तोंडातून आपोआप "वा रे वा" निघालं. मग भुवया जवळ आल्या.

"लाल कुठं गेलं?"

"गेलं. पट्टी बदलवली मी."

"रॉड बदलवला काय?"

"नाई."

"वजन कमी केलं?"

"नाई."

"म्हनजे फक्त रंग बदलवला." त्याने लॅपटॉपचं झाकण स्वतःच्या हाताने बंद केलं. "निळं दाखवून मत मागाले येतात ना आपल्या मोहल्ल्यात, तसा आला तू."

शेवटचा उपाय म्हणून मी चाचांना आणायला गेलो. चाचा म्हणजे डेपोतले जुने मिस्त्री. बाबाने गाडी मोडायची आणि चाचांनी शिव्या देत जोडायची, अशी त्यांची जन्माची दोस्ती. त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी वाटभर त्यांना पढवलं. "चाचा, बाकी काई नाई. फक्त म्हना, गाडी उभी ठेवली का गंजते. चालली पायजे."

"फिकर नको करू, बेटा. दो मिनिट का काम हाय."

चाचा आले, खाटेच्या कडेला बसले, बाबाच्या गुडघ्यावर हात ठेवला. "काय उस्ताद, सुनलं, चलना बंद?"

"लोखंड थकते म्हन्ते आपला साहेब," बाबा म्हणाला.

चाचांचे डोळे चमकले. "थकते? अरे, थकता है ना! याद हाय का तुले, पातूरच्या घाटात तो अ‍ॅक्सल? वरतून चकाचक! मैंने खुद हात फिरवला होता सकाळी. अन् दुपारी? खट्!"

"खट्!" बाबा म्हणाला.

"अन् तो मेहकर गाडीचा पाटा?"

"हाओ ना! नवाच होता!"

मी चाचांच्या मागे उभा राहून हातवारे करत होतो. त्यांनी मला डास हाकलताना पाहिल्यासारखं पाहिलं. दोन चहा झाले. डेपोत मोडलेली एकूण एक वस्तू त्या दुपारी आमच्या घरात पुन्हा मोडली. जाताना चाचा म्हणाले, "आराम कर, उस्ताद. जल्दी कायची?"

फाटकापाशी मी त्यांना गाठलं. "चाचा, हे काय केलं?"

"मग काय झूट बोलू काय, बेटा? लोहा थकता हाय." आणि स्कूटरला किक मारून गेले.

त्यानंतर मी हात टेकले आणि कामात डोकं घातलं. कंपनीतून निरोप होता: हाच रॉड जाडजूड माणसाला चालेल का ते पाहा. मी बाबाच्या खाटेशेजारीच बसलो होतो, कारण घरात नेटवर्क तेवढ्याच कोपऱ्यात येतं. मी वजन वाढवलं, आकडा शंभराच्या पुढे नेला आणि चित्र चालू केलं. रॉड किती वाकतो ते डोळ्यांना दिसावं म्हणून आमचं सॉफ्टवेअर वाकणं कितीतरी पटीने फुगवून दाखवतं. पडद्यावरची मांडी धनुष्यासारखी वाकली.

"आरे आरे आरे!" बाबा ओरडला. दोन्ही हातांनी त्याने स्वतःची मांडी धरली होती. "काय करून राह्यला बे! माह्या पायावर कायले वजन टाकतं!"

"तुह्या पायावर?"

"मंग कोनाच्या? इतकं शंभर किलो टाकलं! मी साठचा हाओ फक्त!"

मी लॅपटॉपकडे पाहिलं, बाबाकडे पाहिलं. "बाबा, हा तुहा पाय नाही."

बाबाने मांडीवरचे हात काढले.

"मंग कोनाचा हाय?"

"कोनाचाच नाही. म्हनजे हाय कोनाचा तरी. परदेशातल्या एका मानसाचं हाड स्कॅन करून ठेवलं हाय. तयार मिळते ते. आमी सगळे तेच वापरतो."

"तूच म्हनला ना मले! बोट ठेवून म्हनला! 'हा पाय, बाबा'!"

मला आधी कळेना. मग कळलं, आणि कान गरम झाले. पुण्यात मी दिवसभर 'बघा' म्हणतो, 'बघितलं का' म्हणतो. घरी आलो की दोन दिवसांत जीभ आपल्या वळणावर येते, आणि आमच्याकडे 'बघ' नसतं. आमच्याकडे 'पाय' असतं. इकडे पाय, तिकडे पाय, पाय बरं जरा. मी ठिपक्यावर बोट ठेवून म्हणालो होतो, हा बघ, बाबा. नुकताच मांडीत रॉड पडलेल्या माणसाने ऐकलं, हा पाय. आणि शेवटी 'बाबा' होतंच. म्हणजे एवढे दिवस माझा बाप त्या पडद्यावर स्वतःच्या मांडीच्या आतला लाल झालेला रॉड पाहत होता, आणि मी त्याला पन्नास टक्केवाल्या पोट्ट्याची गोष्ट सांगत होतो.

आईला माझ्या आधी कळलं होतं. ती भिंतीला टेकून पदरात तोंड घालून हसत होती, आवाज न करता, नुसते खांदे हलत होते.

बाबाने विचारलं, "त्या मानसाचं वजन किती? खरं."

"सत्तर-पंच्याहत्तर धरतो आमी."

"चालते कुठं तो?"

"सपाट फरशीवर."

"खड्डे?"

"नाही टाकले."

"उकिडवा बसते?"

"त्याले बसताच येत नाही, बाबा. त्याले फक्त मांडी हाय. बाकी काई नाई."

बाबाचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. गाडी सुटायच्या वेळेला कंडक्टर गायब असला की होत असेल तसा. "म्हनजे त्या बिनबुडाच्या मानसासाठी मी खाटेवर पडून राह्यलो?"

त्याने पाय खाटेखाली सोडले. टॉवेल आणि बनियन ओढून माझ्या अंगावर फेकली. वॉकर धरला आणि उठला. उठला म्हणजे अर्ध्यात अडकला. गुडघा ऐकेना. मी पुढे झालो.

"हात नको लावू! त्या गोऱ्याले धर!"

तो उभा राहिला. दोन पावलं टाकली आणि तिसऱ्याला पाय खाली जमीन नसल्यासारखा लटपटला. आईचं हसणं थांबलं. ती मागून आली आणि त्याच्या कमरेला एक हात लावून उभी राहिली. तिचा हात त्याने झटकला नाही. पुन्हा खाटेवर बसला तेव्हा त्याला धाप लागली होती. रागाने माणूस उठतो, पण उतरलेली मांडी रागाने भरत नाही. हे मला ठाऊक होतं, त्यालाही कळलं. त्याने आधी चांगली मांडी चाचपून पाहिली, मग उतरलेली.

मग म्हणाला, "माह्या पायाचं करता येते काय तुले?"

करता येतं. वाशीमच्या दवाखान्यात काढलेलं त्याचं स्कॅन होतं, ते मागवून घेतलं. हाड त्याचं, रॉड त्याचा, वजन त्याचं. राहिलं चालणं. ते मला मोजायला लागणार होतं, म्हणून मी म्हटलं, मला मोबाईलवर तुझं चालण्याचं शूटिंग लागेल. एवढं म्हणायचा अवकाश. दुसऱ्या दिवसापासून बाबा सकाळी दाढी करून, धुतलेला शर्ट घालून वॉकरपाशी तयार. बोअरपर्यंत गेला. "घेतलं? आता येताना घे." मग फाटकापर्यंत. मग फाटकाबाहेर, जिथे नळाच्या पाइपलाइनसाठी रस्ता खोदून ठेवलाय आणि कोणी बुजवलेला नाही. "हा खड्डा बी टाक तुह्या गोऱ्याच्या वाट्याले. म्हन त्याले, ये रिसोडले." मी त्याच्या पुढे, मोबाईल धरून, उलटा चालत, एकदा मी स्वतःच त्या खड्ड्यात गेलो, आणि सगळ्या गल्लीने पाहिलं की ज्याच्या पायात रॉड आहे तो उभा आहे.

मांडी हळूहळू भरायला लागली. गुडघा हाताशिवाय वाकायला लागला. आणि मला आता दुसराच घोर लागला. बाबाच्या पायाचं सगळं गणित लॅपटॉपवर मांडून तयार होतं. फक्त चालू करायचं होतं, एक बटण. ते मी दाबेना. कोणाचीच नसलेली मांडी मी इतकी वर्षं रोज वाकवली, तिच्यातले रॉड थकवले, मोडले, आणि मोडल्यावर जाऊन निवांत चहा प्यालो. त्या माणसाला नाव नव्हतं, बायको नव्हती, तो गिअर बदलल्याचा आवाज काढत नव्हता. आता पडद्यावरच्या हाडाला बाबाचा बाक होता. बटणावर बोट ठेवायचो, उठायचो, पाणी प्यायचो, परत यायचो. पुढे आठवडाभर मी ते बटण असंच चुकवत राहिलो. साहेबांना सांगितलं, नेटवर्क नाही.

तपासणीच्या आदल्या दिवशी सकाळी बाबा फाटकापाशी उभा राहून ओरडला, "चाल बे, शूटिंग!"

तो पुढे, मी मागे. पाइपलाइनचा खड्डा त्याने वॉकर आधी पलीकडे ठेवून, सावकाश ओलांडला. मग किराणा दुकान. दुकानाच्या पुढे तो याआधी गेला नव्हता.

मी म्हटलं, "बस बाबा, झालं. मॉडेलले इतकं पुरते."

"तुह्या मॉडेलले पुरत असन," बाबा मागे न बघता म्हणाला. "मले चौकात चहा पेयाचा हाय."

आणि वॉकर उचलून, टेकवून, उचलून, टेकवून, तो कोपऱ्यावरून वळला. मोबाईलमध्ये नुसती गल्ली उरली. पलीकडून कोणीतरी त्याला विचारलं, "काय ड्रायव्हर, कवा निंगाली गाडी?" बाबा काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही, म्हणून मी त्याच्या मागे पळालो.